मांजर अंग चाटत सुटते तेव्हा

रत्नागिरीच्या कोणत्याही मोहल्ल्यात फेरी मारा, ओट्यावर, कौलांवर किंवा मासे साफ करणाऱ्या बाईच्या पायाशी मांजर दिसणारच. बंदर जवळ, मासळी रोजची. त्यामुळे इथे मांजर कोणी मुद्दाम पाळत नाही; ते येते, राहते आणि घरचे होते. आपल्या घरांत त्याला मानही आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूच्या पाण्याचे भांडे मांजराला पिता यावे म्हणून कलते केले आणि मांजर नापाक नाही, ते घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, हे प्रेषित (स.) यांचे सांगणे सुनेला ऐकवले, ही हदीस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच ऐकलेली असते.

पण हा मान मांजराच्या अंगावर केस आहेत तोवरच टिकतो, असा आमचा अनुभव आहे. पोटावरचे केस गेले, कातडी लाल झाली, मानेवर खपल्या दिसल्या की तेच मांजर ‘रोगी’ ठरते. मग दोनपैकी एक गोष्ट होते. पोराबाळांना काही लागेल या भीतीने ते गोणीत घालून बंदरावर नाहीतर बाजारात सोडून दिले जाते. किंवा कोणीतरी सांगितले म्हणून त्याच्या अंगाला रॉकेल, फिनेल, जळके ऑईल असे काहीबाही चोपडले जाते. दोन्हींत मांजर मरू शकते.

तिसरा रस्ता आहे तो कारण शोधण्याचा. तो फार अवघड नाही. त्याला थोडे बारकाईने पाहणे, एक वही आणि थोडा धीर लागतो. हा लेख त्यासाठी आहे.

नेहमीचे चाटणे कोणते?

मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाच्या दिशेला वळलेले बारीक काटे असतात. आपली नखे ज्या केराटिनची बनलेली असतात, त्याचेच हे काटे. त्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असतात आणि ती लाळ केसांच्या थेट मुळाशी पोचवतात, असे अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिले. या जिभेने मांजर धूळ काढते, मेलेले केस काढते, उन्हाळ्यात अंग ओले करून गारवा मिळवते आणि अंगावरचे किडे टिपते. जागेपणीचा बराच वेळ त्याचा यातच जातो. खाऊन झाल्यावर, झोपेतून उठल्यावर ते पंजा ओला करून तोंड पुसते, मग पाठ, पोट, शेपटी असे सगळे अंग आवरते. हे निरोगी मांजराचे लक्षण आहे. उलट ज्याने अंग चाटणे सोडले ते मांजर आजारी समजावे.

काळजी केव्हा करायची? मांजर एकाच जागेला पुन्हा पुन्हा चाटत असेल, झोपेतून दचकून उठून चाटत असेल, खाणे किंवा खेळणे अर्धवट टाकून चाटत असेल तेव्हा. तीच काटेरी जीभ मग पॉलिश पेपरसारखी काम करते. आधी केस तुटून मखमलीसारखे आखूड होतात, मग कातडी उघडी पडते, मग ती लाल होते आणि तिथे जंतू शिरले की ओलसर जखम होते. जखम दुखते म्हणून मांजर आणखी चाटते, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही.

पुष्कळ जण म्हणतात, “आमचे मांजर चाटताना कधी दिसतच नाही, केस आपोआप गळताहेत.” मांजर हे काम माळ्यावर, पलंगाखाली, रात्री सगळे झोपल्यावर करते. म्हणून आधी एवढे पाहावे. उघड्या जागेवरून बोट उलट दिशेने फिरवा. टोचणारे खुंट लागले तर केस तुटलेले आहेत, म्हणजे जिभेने किंवा दातांनी काढलेले आहेत. कडेचे केस हलक्या चिमटीनेच मुळासकट हातात येत असतील तर गळती असू शकते. विष्ठेत केस दिसणे, केसांचा गोळा उलटून पडणे, याही चाटण्याच्याच खुणा. डॉक्टर तर केसाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच सांगतात. आपोआप गळलेल्या केसाचे टोक निमुळते असते, चाटलेल्याचे तुटके.

तीन मते आणि एक वही

आमच्या घरी तीन मांजरे आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या मिनूचे पोट आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू गुळगुळीत झालेली दिसली. शेपटीच्या बुडाशी कातडी लाल होती. घरात लगेच तीन मते पडली. अम्मी म्हणाल्या, “मासळीची उष्णता झालीय, दुसरं काही नाही.” शेजारच्या भाभींनी दारातूनच सांगितले, “लूत लागलीय तिला. मुलं आहेत घरात, बाहेर काढा आधी.” आणि धाकट्याचे म्हणणे, नवीन पिल्लू आणले म्हणून मिनू रुसली आहे.

तिन्ही मते अगदीच हवेतली नव्हती. अन्नाने खाज सुटते, लूत असते आणि मांजराच्या मनावर ताणही येतो. पण कोणते कारण इथे लागू आहे हे मतांवरून ठरत नाही. आम्ही मुलांना शाळेत शिकवतो तसेच केले आणि वहीचे एक पान काढून चार प्रश्न लिहिले. कोणत्या जागी चाटते? केव्हापासून आणि दिवसात केव्हा? घरात आणखी कोणाला, माणसाला किंवा जनावराला, खाज आहे का? गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात काय बदलले? रोज झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहायच्या, एवढेच काम.

त्याबरोबर एक साधी परीक्षा केली. ती कोणत्याही घरात करता येते. पांढरा कागद जमिनीवर पसरावा, मांजराला त्यावर उभे करावे आणि उवांच्या बारीक फणीने शेपटीच्या बुडापासून मानेपर्यंतचे केस विंचरावेत. कागदावर मिरीच्या भुकटीसारखे काळे कण पडले तर त्यांवर पाण्याचे दोन थेंब सोडावेत. साधी माती असेल तर ती तशीच काळपट राहते. कणाभोवती तांबूस तपकिरी रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. पिसू रक्त पिते, म्हणून तिच्या विष्ठेत पचलेले रक्त असते.

मिनूच्या अंगातून दोन दिवस काहीच निघाले नाही. तिसऱ्या दिवशी चार-पाच कण पडले आणि पाण्याने तांबूस झाले. मग बाकीच्या दोघांना विंचरले. त्यांच्या अंगावर कातडी शाबूत, खाजवणे नावालाही नाही, आणि कागदावर मात्र मिनूपेक्षा कितीतरी जास्त कण.

खाजवते तिच्या अंगावर पिसू का सापडत नाही?

‘पिसवा असत्या तर तिन्ही मांजरांनी खाजवले असते,’ आणि ‘पिसवा असत्या तर दिसल्या असत्या,’ ही दोन वाक्ये आपल्याकडे हमखास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत, आणि का ते समजून घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पिसू चावताना आपली लाळ कातडीत सोडते. काही मांजरांच्या शरीराला त्या लाळेची ॲलर्जी असते. बाकीच्यांना दहा चावे जाणवत नाहीत. ॲलर्जी असलेल्याला दोन-चार चावेसुद्धा खूप दिवस खाज देण्यास पुरतात. एकाच घरात एकाला कोळंबीने पित्त उठते आणि बाकीचे ताटभर खातात, तसेच हे.

दुसरी गोष्ट, जे मांजर सतत चाटते ते पिसवा गिळून टाकते. कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी २००० साली पिसवा असलेल्या घरांतल्या काही मांजरांच्या गळ्यात चाटता येऊ नये म्हणून शंकूच्या आकाराचे पट्टे घातले. तीन आठवड्यांनी त्या मांजरांवरच्या पिसवा, मोकळेपणी चाटणाऱ्या मांजरांपेक्षा सुमारे दुप्पट निघाल्या. म्हणजे जिला सर्वांत जास्त त्रास, तिच्याच अंगावर पुरावा सर्वांत कमी. म्हणून फणी घरातल्या सगळ्या मांजरांवर फिरवावी. विष्ठेजवळ किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तोही पुरावाच. गिळलेल्या पिसवांतून मांजराच्या पोटात एक प्रकारचा पट्टकृमी जातो, त्याचे ते तुकडे.

कोकणची हवा आणि पिसू

पिसूची मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी चिकट नसतात. मांजर जिथे झोपते, उडी मारते, अंग झटकते तिथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेडापासून दूर, गोधडीच्या घडीत, चटईखाली, लाकडांच्या ढिगात, गोणपाटात वाढतात. पुढे त्या कोश विणून त्यात राहतात. कोशात ती कित्येक महिने थांबू शकते आणि फवारणी तिथवर पोचत नाही. मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण संख्येचा लहानसा हिस्सा असतो. बाकी सगळ्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपात जमिनीवर असतात.

अळीला जगायला ऊब आणि दमट हवा लागते. कोरड्या हवेत ती सुकून मरते. आता रत्नागिरी पाहा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, समुद्राची हवा आणि थंडी म्हणजे जेमतेम अंगावर चादर घेण्याइतकी. पडवीतली लाकडे, माळ्यावरची गोणपाटे, गोठ्याच्या कडेची माती यांत अळ्यांना बाराही महिने घर आहे आणि पावसात तर राजवाडा. देशावरच्या कोरड्या गावात उन्हाळा पिसवांची संख्या कमी करतो, तशी मदत आपल्याला फारशी मिळत नाही.

म्हणून औषध एकदा लावून काम होत नाही. डॉक्टरांनी तिन्ही मांजरांचे वजन केले आणि मानेच्या मागे कातडीवर सोडायचे मांजरांसाठीचे थेंब दिले, महिन्यातून एकदा, सलग तीन महिने. फिप्रोनिल, सेलामेक्टिन अशा नावांची ही औषधे असतात. कोणते आणि किती, हे वय आणि वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे; लहान पिल्लांना तर विचारल्याशिवाय काहीच लावायचे नाही. तीन महिने का, तर आज कोशात बसलेली पिसू उद्या, परवा, महिन्याने बाहेर येणार. ती अंगावर आली की मेली पाहिजे, अंडी घालण्याआधी.

घरातही काम असते. मांजर झोपते ते कापड आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालणे, पलंगाखाली आणि कोपऱ्यांत रोज केर काढणे, तो केर लगेच घराबाहेर टाकणे आणि माळ्यावरची जुनी गोणपाटे काढून टाकणे. आमच्याकडे दोन-तीन आठवड्यांत मिनूचे रात्रीचे चाटणे कमी झाले. पोटावर पूर्ण केस यायला मात्र अडीच महिने लागले. या काळात नवीन पिल्लू घरातच होते आणि मासळीही चालू होती.

पिसू नसेल तर जागा पाहा

पण प्रत्येक मांजर मिनू नसते. पिसवांचा बंदोबस्त नीट करूनही खाज थांबली नाही तर पुढचा प्रश्न जागेचा. शेपटीचे बूड, मांड्या आणि पोट यांकडे पिसवांचा संशय जातो हे सांगितलेच.

खाज कानाच्या कडांपासून सुरू झाली, तिथून कपाळ, डोळ्यांभोवती आणि मानेवर आली आणि कातडी जाड होऊन राखाडी खपल्या धरू लागल्या, तर ती खरूज, म्हणजे आपण जिला लूत म्हणतो ती असण्याची शक्यता आहे. डोळ्यांना न दिसणारा एक किडा कातडीत बिळे करतो. मांजराला भयंकर खाज सुटते आणि ती एका मांजरावरून दुसऱ्यावर झपाट्याने जाते. जवळ घेणाऱ्या माणसाच्या हातावर, पोटावर पुरळ उठू शकते. पण मांजराचा हा किडा माणसाच्या अंगावर आपला संसार थाटू शकत नाही, त्यामुळे मांजर बरे झाले की पुरळही जाते. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल आणि मांजर डोके झटकत असेल तर तो कानातला किडा. दोन्हींचे निदान डॉक्टर कातडी किंचित खरवडून, मळ काचेवर घेऊन काही मिनिटांत करतात आणि दोन्हींवर चांगले औषध आहे. मांजराला घराबाहेर काढण्याइतके यात काहीच नाही.

गोल चट्टा, कडेला कोंडा, तुटके केस आणि खाज फारशी नाही, तर नायट्याचा विचार करावा. ही बुरशी आहे आणि ती माणसाला लागते. मांजराला मांडीवर घेणाऱ्या मुलांच्या हातावर, मानेवर गोल, लालसर कडेचे चट्टे उठतात. आमच्या वर्गात असा हात दिसला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, “घरी मांजराचे पिल्लू आहे का?” उत्तर बहुतेकदा ‘हो’ येते. अशा वेळी मुलाला त्वचेच्या डॉक्टरकडे आणि मांजराला पशुवैद्याकडे, दोघांनाही एकाच आठवड्यात न्यावे. एकालाच औषध दिले तर दुसऱ्याकडून ते परत येते. दुकानातून मिळणारी ‘खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यांवर एकच’ अशी ट्यूब मुलाला लावू नये. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी खाली पसरत राहते.

एखाद्या सांध्यावरच, समजा एकाच मांडीवर किंवा पाठीच्या एका जागेवर, मांजर चाटत असेल तर तिथे दुखते का ते पाहावे. म्हाताऱ्या मांजराच्या सांधेदुखीत असे होते. ओटीपोट चाटणारे मांजर पुन्हा पुन्हा लघवीला बसत असेल, थेंब थेंब होत असेल, लघवीत रक्त दिसत असेल तर कारण कातडीत नाही, मूत्राशयात आहे. आपले पोट दुखले की आपण हात फिरवतो, मांजर जीभ फिरवते. बोका जोर करतो आणि लघवी मुळीच होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

मासळीची उष्णता

आता अम्मींच्या मताकडे येऊ, कारण ते कोकणातल्या घराघरांत आहे. मासळीमुळे ‘उष्णता’ होऊन केस जातात असे म्हणतात. यात तथ्याचा एक कण आहे. मांजरांना ज्या अन्नाची ॲलर्जी होते त्यांत गुरांचे मांस, मासे आणि कोंबडी ही नावे वरची आहेत. पण ही ॲलर्जी आहे, उष्णता नाही. म्हणजे बांगडा गरम आणि सौंदाळा थंड असा हिशेब तिथे चालत नाही; शरीर त्या मासळीतल्या प्रथिनाला शत्रू समजते. ती वर्षानुवर्षे तेच अन्न खाल्ल्यावरही अचानक सुरू होऊ शकते. तिची खाज बहुधा डोके, चेहरा आणि मान यांवर असते आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत नाही. सोबत कधी उलट्या, पातळ शौच असते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा ताजी मासळी घरात येत नाही, तरी पुष्कळ मांजरांची खाज त्याच दिवसांत वाढते. यावरून मासळी निर्दोष ठरवावी का? नाही, कारण त्या दिवसांत घरात सुके बोंबील आणि सुकट असतेच आणि तुकडा मांजराच्या वाट्याला जातोच. अर्धवट बंद केलेल्या अन्नावरून काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा एकच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, पूर्वी कधीच न खाल्लेल्या एखाद्या प्रथिनाचे किंवा ॲलर्जीसाठी खास बनवलेले अन्न आठ आठवडे द्यायचे, आणि त्याखेरीज काहीही नाही. खाज कमी झाली तर जुने अन्न पुन्हा द्यायचे. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर कारण सापडले.

यात आपली अडचण शेजार आहे. मांजर चार घरी जाते आणि चारही घरांत त्याला डोके-काटे मिळतात. परीक्षेच्या काळात मांजर घरात ठेवावे लागते, नाहीतर चार घरी जाऊन विनंती करावी लागते. आणखी एक सांगायचे. नवे अन्न खात नाही म्हणून मांजराला उपाशी ठेवून हट्ट मोडायचा नाही. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराचे, विशेषतः लठ्ठ मांजराचे, यकृत बिघडू शकते.

मन हे कारण सर्वांत शेवटी

‘रुसली आहे’, ‘सवयच लागली आहे’, हे म्हणणे सोपे असते, कारण त्यानंतर काही करावे लागत नाही. मांजर तणावाने चाटते हे खरे आहे. घर बदलणे, नवे जनावर, बांधकामाचा आवाज, रोजचे माणूस परदेशी जाणे, यांचा त्याच्यावर परिणाम होतो. पण हे कारण किती वेळा खरे निघते? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २१ मांजरांची नीट तपासणी केली गेली, जी मनाच्या कारणाने चाटतात असे धरून पुढे पाठवलेली होती. १६ जणांत कारण शारीरिक निघाले, खाजेची ॲलर्जी त्यांत मोठी. तिघांत शारीरिक आणि मानसिक दोन्ही. निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत.

म्हणून मनाचा विचार करायचा तो पिसू, खरूज, बुरशी, अन्न आणि दुखणे हे सगळे तपासून झाल्यावर. त्यातही उपाय रागावणे किंवा चापट मारणे हा नाही. त्याने ताण वाढतो. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असणे, उंचावर बसायला जागा, दोन मांजरे असतील तर खाण्याची भांडी वेगळ्या कोपऱ्यांत आणि रोज थोडा वेळ दोरीने खेळवणे, याचा उपयोग होतो.

जे लावाल ते मांजर पिणार

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. मांजराच्या अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू त्याच्या पोटात जाते, कारण ते ती चाटून काढते. आणि माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत अनेक द्रव्ये ज्या मार्गाने निकामी करते, तो मार्ग मांजराच्या यकृतात फार दुबळा असतो. त्यामुळे खालील वस्तू मांजराला लावू नयेत.

फिनेल आणि डेटॉल, पाण्यात मिसळूनसुद्धा नाही. रॉकेल, टर्पेंटाइन, होडीच्या इंजिनाचे जळके ऑईल नाही. डांबराच्या गोळ्या त्याच्या गोधडीत ठेवू नयेत. मुंग्यांचा खडू किंवा झुरळांची पावडर अंगावर घासू नये. टी ट्री तेल नाही आणि लिंबाच्या सालीचा अर्कही नाही. कडुनिंब आपल्याला गुणकारी म्हणून त्याचे तेल मांजराला चालेल असे समजू नये. त्याने विषबाधा झालेली मांजरे आहेत. कुत्र्यासाठी मिळणारे पिसवांचे थेंब तर मुळीच नाहीत. त्यांपैकी पुष्कळांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, मांजराला त्याने थरथर आणि झटके येतात आणि जीवही जातो. आणि दुखते म्हणून आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

असे काही लावले गेलेच तर वाट पाहू नये. मांजराला लगेच चाटण्यापासून अडवावे. शुद्धीवर आणि शांत असेल तर भांड्यांच्या सौम्य साबणाने, कोमट पाण्याने अंग धुवावे, टॉवेलात गुंडाळावे आणि त्या वस्तूचे वेष्टन सोबत घेऊन डॉक्टरांकडे न्यावे. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये.

डॉक्टरांकडे जाताना

आपल्याकडे गुरांचा डॉक्टर मांजर कशाला पाहील, असा समज आहे. पशुवैद्याचे शिक्षण सर्व जनावरांचे असते. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्याला आहेत आणि १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदतीची चौकशी करता येते. आजार फार चिवट असेल आणि मुंबईला जाणे असेलच तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला आपले जुने लोक ‘बैलघोडा’ म्हणतात. तिथे कुत्री-मांजरेही रोज येतात.

जाताना वही न्यावी. कोणती जागा, केव्हापासून, काय खाते, काय लावले, घरात कोणाला खाज आहे. डॉक्टरांचा अर्धा वेळ हेच विचारण्यात जातो. फोनवर मांजराच्या चाटण्याचा छोटा व्हिडिओ असेल तर उत्तम, कारण दवाखान्यातल्या टेबलावर मांजर चाटून दाखवत नाही. जाण्यापूर्वी त्याला न्हाऊ घालू नये आणि चट्ट्यांवर काही लावू नये, खुणा पुसल्या जातात. मांजर फडक्यात धरून रिक्षात नेऊ नये. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेला मजबूत खोका घ्यावा.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारावा, “हे औषध खाजेवर आहे की कारणावर?” स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की कारण काहीही असले तरी बहुतेक मांजरे दुसऱ्या दिवशी शांत होतात. कातडी फार सोलली असेल तर त्याची गरज असतेच. पण खाज थांबली म्हणजे कारण गेले असे नाही. दर महिन्याला तेच इंजेक्शन घेत राहिले तर मूळ आजार झाकला जातो, आणि काही मांजरांना मधुमेहही होतो.

मांजराला कोंडून ठेवून ना खायला दिले ना मोकळे सोडले, त्या स्त्रीच्या शिक्षेची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गोणीत घालून बंदरावर सोडताना आपण म्हणतो, मोकळे तर केले. पण जे मांजर आपल्या घरी वाढले, ज्याला बंदरावरच्या बोक्यांशी भांडता येत नाही आणि ज्याची कातडी आधीच सोललेली आहे, त्याच्यासाठी ती मोकळीक नसते. त्याला सोडून देण्यापूर्वी पांढरा कागद, उवांची फणी आणि पाण्याचे दोन थेंब एवढे तरी करून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि बहुतेक वेळा शोध तिथूनच सुरू होतो.